खंड्याच्या डोळ्यातली मात्रा

(कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करायचं दुकान. दुपारचे चार. गिऱ्हाईक म्हणजे मुलांच्या दवाखान्यातली जुनी सिस्टर, आज सुट्टीवर. टेबलावर तिनं फोटोंसकट आधीच पाठवून दिलेला, आता छोट्या तिवईवर चढवलेला कॅमेरा आणि त्याची हातभर लांब लेन्स. दुकानदाराला सगळे भिंगवाले म्हणतात.)

सिस्टर: तिसऱ्यांदा आलेय मी. पहिल्यांदा म्हणालात, साफ करून दिली, आता बघा. दुसऱ्यांदा म्हणालात, फोकसची जुळणी केली, आता बघा. बघितलं. काय दिसलं? धुकं.

भिंगवाले: बसा तर खरं.

सिस्टर: बसायला नाही आले. रविवारी उजाडायच्या आत तलावावर जाऊन चिखलात बसले होते. खंड्या समोर, पंधरा पावलांवर. चोचीत मासा, डोळ्यात ऊन. असा खंड्या वर्षातून एकदा दर्शन देतो. दीडशे फोटो काढले आणि त्यातला एकही धड नाही.

भिंगवाले: दोन धड आहेत. मी सगळे बघितले.

सिस्टर: बघत बसण्यापेक्षा लेन्स उघडायची होती.

भिंगवाले: उघडली की. दोनदा उघडली. आतली भिंगं माझ्या चष्म्यापेक्षा स्वच्छ आहेत. असं बघा बाई, चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. दहा गिऱ्हाइकांतले नऊ लेन्सला शिव्या देतच पायरी चढतात. नाचता येईना अंगण वाकडं.

सिस्टर: मला म्हणताय?

भिंगवाले: त्या नऊ जणांना म्हणतोय. तुम्ही दहाव्या होतात.

सिस्टर: होते म्हणजे?

भिंगवाले: चहा सांगू?

सिस्टर: नको. चहा सोडलाय मी. महिना झाला. चहानं हात... झोप लागत नाही चहानं.

भिंगवाले: बरं.

सिस्टर: हल्ली मालच बोथट यायला लागलाय सगळीकडे. तुमच्या लेन्सचं हे, आणि वॉर्डात सुयांचं तेच. नव्या सुया आल्यात. टोचावी एका जागी, जाते दुसरीकडेच. अख्खा खोका परत पाठवला मी. मोठ्या डॉक्टरांना लिहून दिलं, असल्या सुयांनी बाळांच्या शिरा सापडणार नाहीत म्हणून.

भिंगवाले: बाकीच्या सिस्टरांचीही तीच तक्रार आहे?

सिस्टर: त्यांचं काय घेऊन बसलात. त्यांना चांगल्या सुईनंही सापडत नाही. अडलं की मलाच हाक मारतात. सव्वीस वर्षं झाली. दीड किलोचं बाळ असो, दोऱ्याएवढी शीर असो, माझी सुई एकदा गेली की गेली. वॉर्डात गमतीनं म्हणतात, ताई सुई लावत नाहीत, सुईच आपली जागा ओळखून जाते. थांबा, त्यांचाच फोन. बोल ग.

फोन: ताई, सुट्टीच्या दिवशी फोन केला, रागवू नका हं. एक बाळ आलंय, आठ महिन्यांचं. कालपासून उलट्या आणि जुलाब, डोळे पार खोल गेलेत. सलाइन लावायचंय तर शीरच मिळत नाही. मी दोनदा प्रयत्न केला, डॉक्टरांनी एकदा.

सिस्टर: रडतंय का?

फोन: रडतंय. पण आवाज बारीक झालाय.

सिस्टर: रडतंय ना, मग तू रडू नकोस. हात सोड, पाय बघ. कोमट कपडा गुंडाळ पाच मिनिटं, मग घोट्याच्या पुढची शीर वर येईल. तिथेही नाही जमलं तर फोन कर. दहा मिनिटांवर आहे मी.

फोन: याल ना नक्की?

सिस्टर: न येऊन जाते कुठे. ठेव आता. हं, बोला तुम्ही, पण लवकर. नऊ जणांतली झाले ना मी? काय चुकतंय माझं? मधला एकच बिंदू ठेवते, तो पक्ष्याच्या डोळ्यावर. पक्षी हलला तर फोकस त्याच्यामागे धावेल असं लावलेलं असतं. कोपर बरगडीला. श्वास अर्धा सोडायचा आणि मग दाबायचं, तेही बोटाच्या पेरानं. हे मला शिकवायला हवंय का कुणी?

भिंगवाले: तुमच्याकडून शिकून मी दहा जणांना शिकवलंय. शटर कितीवर ठेवता?

सिस्टर: तीनशेवीसला.

भिंगवाले: एका सेकंदाचा तीनशेविसावा भाग. एवढ्या लांब लेन्सला लोक हजारावर ठेवतात, दोन हजारावर ठेवतात.

सिस्टर: लोकांचे हात हलतात. शटर वाढवलं की उजेड कमी पडतो, मग फोटोत दाणे येतात, रांगोळी सांडल्यासारखे. मला नाही आवडत. पंधरा वर्षं तीनशेवीसला काढतेय आणि पिसाचा तंतू न् तंतू येत होता. माझा हात म्हणजे तिवई, हे तुम्हीच म्हणाला होतात. याच टेबलाशी.

भिंगवाले: म्हणालो होतो. खोटं नव्हतं ते. इकडे या, या पडद्याशी. हा तुमचा रविवारचा खंड्या. आता फोकस चुकतो म्हणजे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

सिस्टर: पक्षी मऊ पडतो.

भिंगवाले: आणि दुसरं काहीतरी कडक येतं. मागचं गवत, नाहीतर पुढची काटकी. फोकस चुकला तरी कुठेतरी पडतोच ना, हवेत तर जात नाही. आता या फोटोत शोधा, कुठे पडलाय?

सिस्टर: मागे... नाही. त्या दगडावर असेल.

भिंगवाले: मोठा करून बघा दगड.

सिस्टर: दगडही तसाच आहे.

भिंगवाले: दगड तसाच, पाणी तसंच, गवत तसंच. कुठेच पडलेला नाही. आता डोळा बघा त्याचा. ऊन पडलंय डोळ्यात, बरोबर? त्या उन्हाचं टिंब दिसायला हवं. अनुस्वार असतो तसं. काय दिसतंय?

सिस्टर: रेघ आहे.

भिंगवाले: कशी?

सिस्टर: तिरपी. बारीक.

भिंगवाले: अनुस्वाराची मात्रा झालीय. हा पुढचा फोटो, यातही मात्रा. हा धोबी पक्षी, मागच्या महिन्यातला. मात्रा. ही टिबुकली, पोहताना. मात्रा. आणि सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.

सिस्टर: वारा होता.

भिंगवाले: वाऱ्यानं फांदी हलते, पक्षी हलतो. दगड हलत नाही, बाई.

सिस्टर: मग कॅमेऱ्यातच काहीतरी सैल झालंय. शटरचा धक्का बसत असेल.

भिंगवाले: मलाही तसंच वाटावं असं वाटत होतं. म्हणून ते तुमच्या मागे भिंतीवर वर्तमानपत्राचं पान लावलंय, छोट्या जाहिरातींचं. कॅमेरा तिवईवर चढवलेलाच आहे. काढा एक, तीनशेवीसलाच.

सिस्टर: काढला.

भिंगवाले: वाचा.

सिस्टर: विकणे आहे, लोखंडी कपाट, चांगल्या स्थितीत. दुपारी दोन ते पाच भेटावे. सगळं वाचता येतंय. खालची बारीक ओळसुद्धा.

भिंगवाले: म्हणजे लेन्स ठीक, शटर ठीक. आता हातात धरून काढा.

सिस्टर: हे घ्या.

भिंगवाले: वाचा.

सिस्टर: विकणे आहे... अक्षरावर अक्षर चढलंय. थांबा, कोपर नीट टेकलं नव्हतं. पुन्हा काढते.

भिंगवाले: काढा.

सिस्टर: हाही तसाच. उभ्यानं नको, बसून काढते. खुर्ची द्या. तुमचा पंखा बंद करा आधी.

भिंगवाले: केला बंद.

सिस्टर: आता श्वास सोडून. हं. नाही. पुन्हा. तुम्ही माझ्याकडे बघू नका, तिकडे बघा. पुन्हा काढते.

भिंगवाले: सात झाले, बाई. ठेवा खाली.

सिस्टर: तुम्ही काढून दाखवा. याच कॅमेऱ्यानं, एवढ्यावरच.

भिंगवाले: आणा. मी पासष्टीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू. माझे चांगले येण्याचं काही कारण नाही. हा घ्या.

सिस्टर: लोखंडी कपाट. चांगल्या स्थितीत.

भिंगवाले: जरा बसा.

सिस्टर: तुम्ही रोज हेच काम करता, म्हणून आला.

भिंगवाले: असेल.

सिस्टर: आठवडाभर दोन-दोन पाळ्या केल्यात मी. झोप नाही धड. दमलेला हात आहे हा.

भिंगवाले: हेही असू शकतं. पण तुम्ही कॅमेऱ्याबरोबर फोटो साठवायची डबी पाठवली होतीत ना, दोन वर्षांची, ती मी पहिल्यापासून बघितली. दोन वर्षांपूर्वी शंभरात चार फोटो असे होते, तेवढे माझेही असतात. मग दहा झाले. मग शंभरात पंचवीस. आता चांगला फोटो शोधावा लागतोय. दमलेला हात सुट्टीनंतर सुधारतो, बाई. उन्हाळ्यात तुम्ही पंधरा दिवस भावाकडे जाऊन राहिला होतात, तिथले बगळे आहेत यात. तेही तसेच आहेत.

सिस्टर: डॉक्टरी करताय तुम्ही माझी?

भिंगवाले: मी कसली करतो. मला रेघा तेवढ्या दिसतात. त्या कशानं आल्या ते सांगणारे लोक तुमच्याच दवाखान्यात बसतात.

सिस्टर: आणि हे तुम्हाला कळलं कधी? आज?

भिंगवाले: नाही.

सिस्टर: मग कधी?

भिंगवाले: तुम्ही दुसऱ्यांदा आलात तेव्हा शंका आली. लेन्स परत नेताना पावतीवर सही केलीत ना, तेव्हा पेन बघितलं मी तुमच्या हातात.

सिस्टर: त्याला सात आठवडे झाले.

भिंगवाले: झाले असतील.

सिस्टर: झाले असतील काय? सात आठवडे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही मला फोकस जुळवून दिलाय म्हणून सांगितलंत? या सात आठवड्यांत मी किती बाळांना टोचलंय, आहे कल्पना?

भिंगवाले: मला वाटलं, छंद आहे. सुट्टीतले पक्षी. येतील थोडे हललेले, कुणाचं काय बिघडतंय. एवढ्या हौसेनं येता तुम्ही, तुमच्या तोंडावर कसं म्हणणार की हात हलतो? जीभ रेटली नाही. वॉर्डाचं माझ्या डोक्यातच आलं नाही, खरंच सांगतो. आत्ता तुम्ही सुयांचा खोका परत पाठवल्याचं बोललात, तेव्हा कुठे ध्यानात आलं.

सिस्टर: मागच्या मंगळवारी एका बाळाला तीनदा टोचलं मी. तीनदा. माझ्या आयुष्यात तिसऱ्यांदा टोचलेलं नाही कुणाला. मनगट हिरवंनिळं झालं त्याचं. त्याची आई नुसती माझ्या हाताकडे बघत होती. मी तिला म्हटलं, सुयाच खराब आल्यात हो. आणि तिथून उठून तक्रार लिहायला बसले. लिहिताना अक्षर वाकडं येत होतं, तर टेबल डुगडुगतंय म्हणून शिपायाला हाक मारली.

भिंगवाले: ती अंगणाची म्हण मघाशी तोंडातून गेली माझ्या. माफ करा.

सिस्टर: म्हण बरोबर होती.

भिंगवाले: पाणी घ्या थोडं.

सिस्टर: आमचे अण्णा शिंपी होते. साठीच्या आतच त्यांना सुईत दोरा ओवता येईना. आम्ही तिघी बहिणी ओवून द्यायचो आणि मागे तोंड फिरवून हसायचो. ते म्हणायचे, दोरा हल्ली फार विसविशीत येतो. आम्हाला वाटायचं, केवढा हा विनोद.

भिंगवाले: काही वेळा औषधानं आटोक्यात येतं म्हणतात. तुम्हीच जास्त जाणता. आणि फोटोंचं म्हणाल तर त्याला तोडगा आहे, आत्ताच करून देतो. शटर दोन हजारावर न्यायचं. तिवई घ्यायची. कंप रोखणाऱ्या लेन्सा मिळतात हल्ली, एक वापरलेली माझ्याकडे आहे. दाणे येतील थोडे, येऊ द्या. पण खंड्याच्या डोळ्यात टिंबच येईल, याची हमी माझी.

सिस्टर: आणि सुईचं शटर कुठे असतं?

भिंगवाले: ते मला नाही ठाऊक.

सिस्टर: नसतं. बाळाचा हात धरायचा, आणि जायचं. मध्ये दुसरं काही नाही, म्हणून तर मला त्याचा माज होता. पक्ष्यांचं राहू दे हो. पक्षी नाही आले नीट तरी चालतील मला. नवऱ्यानं विचारलं होतं एकदा, आमटी वाढताना सांडते का ग हल्ली. त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही मी.

भिंगवाले: फोन वाजतोय तुमचा.

सिस्टर: ऐकू येतंय.

भिंगवाले: वॉर्डातलाच असेल.

सिस्टर: ऐकू येतंय म्हटलं ना. हं, बोल.

फोन: ताई, घोट्यालाही नाही मिळाली. फुगते आणि फुटते. डॉक्टर म्हणतायत ताईंना बोलवा. बाहेर गाडी उभी केलीय, कुठे पाठवू?

सिस्टर: बाळ कसं आहे?

फोन: रडायचं थांबलंय. डोळे उघडे आहेत, बघतंय माझ्याकडे. लवकर या ना.

सिस्टर: एक मिनिट धर.

भिंगवाले: जा, बाई. सव्वीस वर्षांचा हात आहे. थरथरला तरी त्या पोरींच्या हातापेक्षा आजही सरस असेल.

सिस्टर: असेल. नसेलही. बघायचं कशावर ते, त्या आठ महिन्यांच्या बाळावर?

भिंगवाले: मी आपलं बोललो.

सिस्टर: मनातलंच बोललात माझ्या, म्हणून तर राग येतोय. ऐक ग. गाडी आत घे. फोन स्पीकरवर टाक आणि खाटेवर ठेव. डॉक्टर जवळ आहेत?

फोन: आहेत, शेजारीच.

सिस्टर: त्यांना सांग, हा एकच प्रयत्न, तू करायचास. नाही मिळाली तर माझी वाट बघायची नाही, त्यांनी लगेच हाडात सुई घालून सलाइन सुरू करायचं.

फोन: तुम्ही येत नाही आहात?

सिस्टर: हात कुठला चांगला राहिलाय?

फोन: डावा. मागच्या बाजूला एकदाच टोचलंय. पण ताई, मला नाही...

सिस्टर: तुला जमेल की नाही ते विचारलं नाही मी. खोलीतला दिवा मालव, पडदा ओढ. छोटी बॅटरी घे आणि बाळाच्या तळव्याखाली धर, आईला धरू दे. तळवा लाल दिसेल.

फोन: दिसतोय.

सिस्टर: त्या लालीत काळी रेघ असेल. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधून वर जाणारी.

फोन: नाही दिसत... आहे. आहे ताई. बारीक आहे.

सिस्टर: बारीकच असते. तुझं मनगट गादीवर टेकव. पूर्ण टेकव, भार दे. मनगटावर बांधलेला पट्टा फार आवळलायस का? एक बोट जाऊ दे आत. त्वचा अंगठ्यानं खाली ओढ म्हणजे शीर पळणार नाही. सुई अगदी आडवी, हातालाच चिकटून. श्वास सोड. अर्धा. आता जा, सावकाश. घाई करशील तर शीर ओलांडून पलीकडे जाशील.

फोन: गेले.

सिस्टर: थांब तिथेच. सुईच्या मागच्या टोकाला बघ. काय दिसतं?

फोन: काही नाही.

सिस्टर: केसभर पुढे. केसभरच.

फोन: रक्त आलं. ताई, रक्त आलं.

सिस्टर: आनंदानं उडी मारू नकोस, सुई निघेल. आता सुई हलवायची नाही, वरची नळी सरकव. सरकते का?

फोन: सरकली. पूर्ण आत गेली.

सिस्टर: पट्टा सोड. पाणी थोडं सोडून बघ, फुगतंय का?

फोन: नाही फुगत. चाललंय. थेंब पडतायत ताई, चाललंय.

सिस्टर: चिकटपट्टी नीट लाव, बोटं मोकळी ठेव त्याची. आईला बसायला खुर्ची दे, उभी असेल ती.

भिंगवाले: पाणी घ्या आता तरी.

सिस्टर: ठेवा तिथे. पेला अर्धाच भरा.

फोन: ताई, आहात ना? मोठ्या सिस्टर आल्यात इथे. विचारतायत, दहा मिनिटांवर होत्या तर आल्या का नाहीत. काय सांगू? कामात आहेत म्हणू?

सिस्टर: नको. सांग, हात थरथरतो म्हणून नाही आल्या.

फोन: कुणाचा?

सिस्टर: माझा.